न मिळालेल्या मालावरील सीमाशुल्क

लाटंबार्से गावाहून दोडामार्गाकडे जाणारी वाट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परक्या सत्तेच्या सरहद्दीकडे जात होती. आज ती सरहद्द उरलेली नाही. परदेशातून येणाऱ्या मालाची तपासणी व शुल्क-आकारणी आता मुख्यतः बंदरांत आणि विमानतळांवर होते. गावातील एखादा लहान कारखानदार कर्ज काढून परदेशी यंत्र मागवितो, शुल्क भरतो, आणि खोके उघडता निम्मे सुटे भाग नाहीत असे आढळते. जो माल हाती आलाच नाही, त्याचे शुल्क सरकारजमा राहावे काय?

याचे उत्तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात आहे. मात्र माल कोठे आणि केव्हा नाहीसा झाला, यावर ते अवलंबून असते.

पहिली अवस्था समुद्रप्रवासाची. मंगलोर येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात येणारे खनिज तेल वाटेत काहीसे घटत असे. जहाजावर चढविलेल्या मूळ परिमाणावर शुल्क द्यावे, असे सीमाशुल्क खात्याचे म्हणणे होते व २००६ चे परिपत्रकही तसेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला की, किनाऱ्यावरील टाक्यांत प्रत्यक्ष उतरले तेवढ्याच तेलावर शुल्क देय होय. जे देशात आलेच नाही, त्याची आयात झाली असे म्हणता येत नाही.

दुसरी अवस्था माल उतरल्यानंतरची. माल सोडण्याचा आदेश होण्यापूर्वी खोके फोडून चोरी झाली, तर कलम १३ अन्वये आयातदारावर त्या मालाच्या शुल्काचा बोजा नाही. तो माल पुढे परत मिळाल्यास मात्र शुल्क द्यावे लागते. चोरीच्या वेळी माल ज्या मान्यताप्राप्त अभिरक्षकाच्या ताब्यात असेल, त्याच्यावर कलम ४५ प्रमाणे शुल्काची जबाबदारी येते.

चोरीखेरीज अन्य कारणाने, उदाहरणार्थ आगीने, माल नष्ट झाल्यास कलम २३ लागू होते. माल प्रत्यक्ष सोडवून नेण्यापूर्वी हे घडल्याचे सिद्ध केल्यास शुल्क माफ होते. माल एकदा सोडवून नेला की या सवलती संपतात. मग विमा कंपनी अथवा वाहतूकदार यांच्याकडेच दाद मागावी लागते.

म्हणून खोक्याचे मोहोर तुटलेले वा वजन कमी दिसताच माल उचलू नये. सीमाशुल्क अधिकारी व अभिरक्षक यांच्यासमक्ष तपासणी करवून तिचा लेखी अहवाल घ्यावा. चलन, बीजक व बिल ऑफ एन्ट्रीच्या प्रती जपून ठेवाव्यात. घाईत दिलेली ‘माल पूर्ण मिळाला’ अशी पावती पुढे आयातदाराच्याच विरुद्ध पुरावा ठरते.

शुल्क आधीच भरले असल्यास परताव्याचा अर्ज कलम २७ प्रमाणे सर्वसाधारणपणे भरणा केल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. शुल्क लेखी हरकत नोंदवून भरले असेल, तर ही मुदत आड येत नाही. शुल्काचा भार ग्राहकावर टाकलेला नाही, हेही दाखवावे लागते. अर्ज नामंजूर झाल्यास आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवसांची सवलत मिळू शकते.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती आपल्या गावातील उद्योजकांस अवश्य समजावून सांगावी. अनेकदा हक्क कायद्यात असतो, परंतु अर्जाची मुदत टळल्यामुळे तो पदरी पडत नाही.