मंद अहवालाचे निदान



पतसंस्थेच्या कार्यालयातील संगणकांची जबाबदारी चिरंजीव भाच्याकडे नुकतीच आली असून, मार्चअखेरचे अहवाल पडद्यावर येईपर्यंत कर्मचारी ताटकळत बसतात आणि संगणकच बदलावेत असा सूर सगळीकडे आहे. यंत्र बदलून हे दुखणे क्वचितच बरे होते, कारण ते बहुधा माहिती मागण्याच्या, वाहून आणण्याच्या किंवा पानावर मांडण्याच्या पद्धतीत असते; आणि या तिन्हींपैकी दोष कोठे आहे हे मोजून ठरवण्यापूर्वी कशालाही हात लावणे हा या कामातील सर्वात मोठा प्रमाद होय.

मोजणी सोपी आहे, पण ती काळजीने करावी लागते. क्वेरी, म्हणजे माहितीसाठ्याला विचारलेला प्रश्न, अहवालाशिवाय स्वतंत्र चालवून वेळ टिपावी. ती झटपट पुरी होत असेल आणि अहवाल मात्र मिनिटे घेत असेल, तर दोष मांडणीत आहे. येथे एक फसगत संभवते: ॲक्सेस ही माहितीसाठा सांभाळणारी प्रणाली पहिल्या काही नोंदी लगेच दाखवते आणि उरलेल्या मागाहून आणते, म्हणून शेवटच्या नोंदीपर्यंत गेल्यावरच घड्याळ थांबवावे. त्यानंतर माहितीच्या फाइलीची प्रत त्याच संगणकाच्या डिस्कवर घेऊन तीच क्वेरी चालवावी. ती तेथे वेगाने चालली तर दोष वाटेत, म्हणजे नेटवर्कात किंवा नेटवर्कावरून फार माल ओढण्यात आहे. दुसऱ्या वेळी तीच क्वेरी अधिक लवकर संपते, कारण वाचलेली माहिती स्मृतीत राहिलेली असते. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या वेळेचे आकडे वेगळे लिहावेत.

वाटेचा प्रश्न समजण्यासाठी ॲक्सेसची रीत ध्यानात घेतली पाहिजे. सर्व्हर-पद्धतीच्या माहितीसाठ्यात प्रश्न सर्व्हरकडे जातो, शोध तेथेच होतो आणि तारेवरून केवळ उत्तर येते. १९९२ साली बाजारात आलेली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ही प्रणाली मात्र सामायिक फोल्डरातील एका फाइलीवर चालते. ती फाइल सांभाळणारा संगणक नुसत्या कपाटाचे काम करतो, मागितलेली ४ किलोबाइटची पाने काढून देतो, आणि शोधणे, जुळवणे, बेरीज करणे हे सर्व प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मेजावरील संगणकाला करावे लागते. समजा, व्यवहारांचे टेबल ५०० मेगाबाइटचे आहे आणि क्वेरीला ते संपूर्ण वाचावे लागते. सेकंदाला १०० मेगाबिट वाहणारी तार जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट आणू शकते, तेव्हा सर्व अनुकूल असतानाही ४० सेकंद लागणारच. सैल जोडणीमुळे तीच तार १० मेगाबिटवर उतरली असेल तर ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटे लागतात. अशा स्थितीत पाच जणांनी एकदम अहवाल मागितला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. वाय-फायवरून ही फाइल वापरणे तर टाळावेच, कारण लिहिता लिहिता संपर्क तुटला की फाइल बिघडण्याचा धोका असतो.

संपूर्ण टेबल वाचण्याची पाळीच येऊ नये यासाठी इंडेक्स असतो. जमाखर्च ठेवणाऱ्याला ही कल्पना परकी नाही: कीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने येतात आणि एका सभासदाचे व्यवहार हवे असतील तर कीर्द आरंभापासून चाळावी लागते, परंतु खतावणीत ते खात्यानुसार एकत्र सापडतात. इंडेक्स ही टेबलाची खतावणीच होय. त्याची आजची प्रचलित रचना, बी-ट्री, संशोधक बायर आणि मॅक्रेट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून रूढ झाली. तिच्या प्रत्येक पानावर १०० वाटा फुटत असतील तर १० लाख नोंदींमधील हवी ती नोंद तीन पानांत सापडते. म्हणून ज्या रकान्यांवर टेबले जोडली जातात आणि ज्यांवर अट घातली जाते, त्यांवर इंडेक्स असलाच पाहिजे. मात्र प्रत्येक नवी नोंद खतावणीतही चढवावी लागते, त्यामुळे सरसकट सर्व रकान्यांवर इंडेक्स टाकल्यास नोंद करण्याचे काम जड होते.

इंडेक्स असूनही तो निरुपयोगी करून टाकणारी एक चूक फार ठिकाणी आढळते. तारखेच्या रकान्यातून वर्ष काढून ते २०२४ शी ताडून पाहणारी अट लिहिली की, प्रत्येक नोंदीचे वर्ष काढल्याशिवाय उत्तर मिळत नाही आणि पुन्हा सबंध टेबल वाचावे लागते. त्याऐवजी तारीख १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतरची आणि १ एप्रिल २०२५ च्या आधीची असावी, अशी अट घालावी, म्हणजे इंडेक्सही वापरात येतो आणि आर्थिक वर्षही अचूक सापडते. ३१ मार्चपर्यंत अशी अट घातली आणि रकान्यात वेळही नोंदलेली असली, तर त्या दिवशी दुपारी झालेले व्यवहार अहवालातून गळतात. ही चूक वेगाची नव्हे, हिशेबाची असल्याने अधिक गंभीर आहे. तसेच अहवालाच्या प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव डीलुकअप या ॲक्सेसच्या फंक्शनने शोधले असेल तर ५,००० ओळींसाठी ५,००० वेगळे प्रश्न विचारले जातात. दोन टेबले क्वेरीतच जोडली की एकच प्रश्न पुरतो.

दोष मांडणीत निघाला तर प्रथम प्रिंटर पाहावा. ॲक्सेस अहवालाचे पान ठरलेल्या प्रिंटरच्या मापाने आखते, आणि तो नेटवर्कावरचा असून बंद किंवा काढून टाकलेला असेल, तर संगणक त्याच्या उत्तराची वाट पाहत राहतो. स्थानिक पीडीएफ प्रिंटर ठरवून पाहिल्यास हे तत्काळ उघड होते. पानाच्या तळाशी एकूण पाने छापण्याची हौसही महाग पडते, कारण तो आकडा कळण्यासाठी सर्व अहवाल आधी एकदा आखून घ्यावा लागतो.

वाटेवरचा भार हलका राहावा म्हणून फॉर्म, क्वेऱ्या आणि अहवाल यांची फाइल प्रत्येक संगणकावर वेगळी ठेवावी आणि केवळ टेबलांची फाइल सामायिक फोल्डरात असावी. ती २ गिगाबाइटच्या मर्यादेकडे सरकू लागली की सर्व्हर-पद्धतीकडे जाण्याचा विचार करावा. परंतु तेथेही क्वेरीत ॲक्सेसमध्ये लिहिलेले फंक्शन राहिले, तर ते सर्व्हरला उमगत नाही आणि सर्व नोंदी पूर्वीप्रमाणेच मेजावरील संगणकाकडे ओढल्या जातात.

चिरंजीवाने एका वेळी एकच बदल करावा आणि त्याआधीची व नंतरची वेळ वहीत लिहावी. टेबलांची फाइल कॉम्पॅक्ट करताना, म्हणजे तिच्यातील रिकामी जागा काढून ती नीट रचताना, सर्वांनी प्रणालीतून बाहेर पडल्याची खात्री करावी आणि फाइलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती उघडते हे पाहिल्याखेरीज त्या कामास हात घालू नये. सभासदांच्या ठेवींचा हिशेब त्या एका फाइलीत आहे.