शतधौत घृत, नॅनोकण आणि स्नेह-जल सीमेवरील ताण

नाशिकच्या थंडीत सिद्ध केलेले शतधौत घृत एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी सोडते, हा अनेक औषधशाळांचा अनुभव आहे. यावर ‘नॅनोकण मिसळा, तेल-पाण्यातील ताण उतरेल’ असा सल्ला अलीकडे दिला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे आपण पाहू.

वनस्पतिज तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताण मीटरला सुमारे २५ मिलिन्यूटन असतो. लेसिथिन किंवा साबण यांसारखी द्रव्ये तो खरोखर घटवितात. घन कणांचे कार्य निराळे आहे. रॅम्सडेन (१९०३) व पिकरिंग (१९०७) यांनी दाखविल्याप्रमाणे सूक्ष्म कण सीमेवर बसून थेंबांभोवती तटबंदी उभारतात. थेंब परस्परांत मिसळत नाहीत. केवळ कणांनी मोजलेला ताण पुष्कळदा फारसा बदलत नाही. लेसिथिनसारखे द्रव्य सोबत असल्यास कण ते शोषून घेतात आणि ताण उलट वाढूही शकतो.

सूक्ष्मतेलाही मर्यादा आहे. दोन्ही द्रवांनी सारखाच भिजणारा, १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण सीमेवरून उपटण्यास औष्णिक ऊर्जेच्या सुमारे १९०० पट ऊर्जा लागते. १ नॅनोमीटरच्या कणास अवघी १९ पट. म्हणजे कण जितका बारीक तितका उत्तम, हे खरे नव्हे. शिवाय पाण्याने अधिक भिजणारा कण तेलाचे थेंब पाण्यात धरतो, तर तेलाने अधिक भिजणारा पाण्याचे थेंब तेलात.

लोण्यातील पाण्याचे थेंब स्नेहाच्या घन स्फटिकांमुळे टिकतात. शतधौत घृतातही हेच कार्य गोठलेल्या तुपाचे स्फटिक करीत असावेत, असे आम्हांस वाटते. उष्णतेने ते वितळले की तटबंदी ढासळते. म्हणून पहिला उपाय नॅनोकण नव्हे, तर शीत स्थानी साठवण, अल्प प्रमाणात निर्मिती आणि ग्राहकास स्पष्ट सूचना हा होय.

औषधशाळाचालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ग्रंथोक्त पाठात सिलिकासारखे नवे द्रव्य घातल्यास तो कल्प शास्त्रोक्त राहत नाही. त्यास स्वामित्व औषध म्हणून स्वतंत्र परवाना लागतो. भस्मात नॅनोकण आढळतात म्हणून कोणतेही भस्म स्थिरीकरणासाठी मलहरात मिसळणेही योग्य नव्हे. भस्माची योजना रोग पाहून व्हावी, डबीतील पाणी पाहून नव्हे.