मोबाइलच्या इतिहासातील २००८ हे वर्ष

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या तासाला आपण १८५७, १९४७, १९६० अशा सनावळ्या पाठ करतो. त्यांत यंत्रांच्या सनांना सहसा जागा नसते. परंतु ज्या घटनांनी माणसाचा रोजचा व्यवहार बदलला त्यांचा अभ्यास म्हणजे इतिहास असे मानले, तर २००८ या सनाचीही नोंद घ्यावी लागेल. त्या वर्षी माझे बहुतेक वर्गबंधू व वर्गभगिनी नुकत्या चालू लागलेल्या असतील. पण आज आपल्या खिशात असलेल्या यंत्राची घडण त्याच वर्षी ठरली. ती कशी, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्मार्टफोन २००८ मध्ये जन्मला असे मात्र नाही. नोकियाचे सिंबियनवर चालणारे फोन, ब्लॅकबेरी, विंडोज मोबाइल ही मंडळी आधीपासून बाजारात होती. त्यांपैकी अनेकांवर बाहेरचे प्रोग्रॅम चढवताही येत. पण ते शोधणे, विकत घेणे व चढवणे हे सामान्य गिऱ्हाइकाला जमण्यासारखे नव्हते. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत ॲपलचा पहिला आयफोन विक्रीस आला. त्याच्या काचेच्या पडद्याचे जगभर कौतुक झाले. तथापि बाहेरच्या माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर अधिकृतपणे चढवण्याची सोय नव्हती. घर देखणे होते, पण दार बंद होते.

हे दार २००८ मध्ये उघडले. ६ मार्चला ॲपलने प्रोग्रॅम लिहिण्याची साधने बाहेरच्या लोकांच्या हाती दिली आणि १० जुलैला ‘ॲप स्टोअर’ सुरू केले. दुसऱ्याच दिवशी आयफोन ३जी आला. आरंभी दुकानात सुमारे ५०० ॲप होती. पहिल्या शनिवार-रविवारअखेर एक कोटी डाउनलोड झाल्याचे कंपनीने जाहीर केले. विक्रीतील ७० टक्के रक्कम ॲप लिहिणाऱ्याला व ३० टक्के ॲपलला, अशी वाटणी होती. मात्र दुकानात कोणते ॲप ठेवायचे, हे ठरवणार ॲपलच! माझे वडील भाजी घेऊन मार्केट यार्डात जातात. यार्डामुळे गिऱ्हाईक एका जागी मिळते हे खरे. पण यार्डाचे नियम वडील ठरवत नाहीत. ॲप स्टोअरचेही तसेच आहे.

त्याच वर्षी दुसरा मार्गही निघाला. अँड्रॉइड ही २००३ मध्ये स्थापन झालेली छोटी कंपनी गुगलने २००५ मध्ये विकत घेतली होती. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, तैवानच्या एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी१, २३ सप्टेंबर २००८ रोजी जाहीर झाला व २२ ऑक्टोबरला अमेरिकेत विक्रीस आला. त्याच्या आदल्या दिवशी अँड्रॉइडची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. ती वापरण्यास परवाना शुल्क नव्हते. त्यामुळे पुढे अनेक कंपन्यांना स्वस्त फोन काढणे शक्य झाले. दर पाचांतील सुमारे दोन हँडसेट विकणारी नोकिया मात्र या शर्यतीत मागे पडली आणि २०१४ मध्ये तिचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला.

भारतात आयफोन ३जी २२ ऑगस्ट २००८ रोजी आला. ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. गंमत अशी की, तेव्हा देशात ३जी सेवाच नव्हती; महानगर टेलिफोन निगमने ती दिल्लीत ११ डिसेंबरला सुरू केली. बैल आधी आला, गाडी मागाहून! आमच्यासारख्या घरांत फोन पोहोचला तो पुढे, स्वस्त अँड्रॉइडच्या रूपाने. २०२० मध्ये शाळा बंद असताना मी व माझा धाकटा भाऊ एकाच फोनवर आळीपाळीने तास ऐकत होतो. तो एक फोनही नसता, तर आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी पहिली मुलगी होण्याची संधी मला कदाचित मिळाली नसती.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. जी१ फोनला सरकवून उघडायचा कळफलक होता. त्याच्या कळांवर रोमन अक्षरे छापलेली होती. छापलेले अक्षर बदलता येत नाही. एप्रिल २००९ मधील अँड्रॉइड १.५ ने पडद्यावरचा कळफलक आणला, आणि तो बाहेरच्यांनाही बनवू दिला. देवनागरीला वाट मिळाली ती या मोकळीकीमुळे. आयफोनवर तशी परवानगी मिळण्यास २०१४ साल उजाडले. अर्थात कळफलक मिळाला म्हणजे काम संपले नाही. ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. तीही कोणीतरी बसून घडवावी लागली.

म्हणून अँड्रॉइडचे दार सताड उघडे आहे, असे समजण्याचे कारण नाही. अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. संहिता खुली असली, तरी दुकानाची किल्ली एकाच हाती असू शकते, हा यातला धडा.

हा विषय विज्ञान शाखेचा आहे, आपला नव्हे, असे कला शाखेतील काही मित्र-मैत्रिणी म्हणतील. मला ते पटत नाही. यंत्रात कोणती भाषा असावी, ‘सबमिट’ला शेतकऱ्याच्या आईला कळेल असा कोणता शब्द द्यावा, नियम कोणी ठरवावेत, हे प्रश्न भाषेचे, समाजशास्त्राचे आणि राज्यशास्त्राचे आहेत. २००८ ने बाहेरच्या माणसाला आत येण्याची वाट दिली. त्या वाटेने केवळ गिऱ्हाईक म्हणून जायचे की काही घडवण्यासाठी, हे आपल्या पिढीने ठरवायचे आहे.