घर दुरुस्तीचा अंदाज

कौले उतरवली आणि हातातले पैसे संपले. तेवढ्यात मृगाचा पाऊस आला. आता काय करायचे? सावकाराच्या दारी जायचे. तो मागेल ते व्याज कबूल करायचे. ही पाळी का येते? कामाचा अंदाज आधी काढला नाही, म्हणून येते.

मंडळी, अंदाज काढणे अवघड नाही. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्या.

१. आधी नीट पाहा. प्रत्येक वाशाला दाभण टोचा. दाभण सहज आत गेले, तर वासा कुजला किंवा वाळवीने खाल्ला असे समजा. जुनी धड कौले किती, तीही मोजा.

२. मग माप घ्या. छपराचा उतार मोजा, खालची जमीन मोजू नका. उतार जमिनीपेक्षा जास्त भरतो. लांबीला रुंदीने गुणा. १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. एका ब्रासला मंगलोरी कौले सुमारे १५० लागतात.

३. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा.

आता एक हिशेब करू. उतार २० फूट लांब, १० फूट रुंद आहे. म्हणजे २०० चौरस फूट, दोन ब्रास. कौले लागतील ३००. जुनी धड कौले १५० आहेत. नवी १५० हवीत. फुटतूट धरून १६५ घ्या. खालचे भाव केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

कौले १६५, दर ३० रु. : ४,९५०
वासे ४, दर ५०० रु. : २,०००
रिपा व खिळे : १,२००
सुतार, २ दिवस, रोज ९०० रु. : १,८००
मजूर २, २ दिवस, रोज ५०० रु. : २,०००
गाडीभाडे : ८००
बेरीज : १२,७५०
अडीअडचणीला शेकडा १० : १,२७५
एकूण : १४,०२५ रु.

शेवटची रक्कम विसरू नका. कौले काढल्यावरच आतले कुजलेले लाकूड दिसते.

पैसे कमी पडत असतील, तर काम अर्धे टाकू नका. काम लहान करा. आधी छप्पर, मग भिंतींचा गिलावा, रंग सर्वांत शेवटी. छप्पर गळत असेल, तर गिलावा टिकत नाही.

सुताराला सगळे पैसे आधी देऊ नका. काम होईल तसे द्या. दिलेला पैसा तारीख घालून वहीत लिहा. वही आपल्या हातात असली, म्हणजे कोणी फसवत नाही.

प्रश्न
१. जमीन न मोजता उतार का मोजायचा?
२. उतार ३० फूट लांब व १० फूट रुंद असेल, तर कौले किती लागतील?
३. तुमच्या घराच्या एका दुरुस्तीचा अंदाज लिहून आणा.