मोठे कार्ड, लहान कॅबिनेट

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीत आणखी एका अनुभवाची भर घालावी असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी एका किल्ल्याची त्रिमितीय चित्रफीत करावयाचे आम्ही चौघांनी योजिले. माझ्या संगणकावर ‘ब्लेंडर’मध्ये एक चित्र तयार व्हावयास वीस मिनिटे लागत. पडद्यावरील एका सेकंदास चित्रे लागतात २४, म्हणजे आठ तास! शेवटी आईने भिशीचे पैसे काढून दिले व मी एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेतले. विकलेला माल परत घेणार नाही, ही अट आधीच ऐकली होती.

घरी टेबल एकच, म्हणून माझे कॅबिनेट लहान. त्यातील मदरबोर्ड ‘मिनी आयटीएक्स’ जातीचा. हा आकार व्हिया कंपनीने २००१ साली आणला. १७० मिलिमीटर लांब, तितकाच रुंद, आणि कार्डासाठी स्लॉट एकच. इथे बसले नाही तर खालच्या स्लॉटात लावू, ही सोय नाही.

उलट कार्डे वाढतच गेली. एनव्हिडियाने स्वतः बनविलेले २०१६ चे जीटीएक्स १०८० हे कार्ड २६७ मिलिमीटर लांब होते व १८० वॅट वीज घेई. २०२२ चे आरटीएक्स ४०९० झाले ३०४ मिलिमीटर, तीन स्लॉट जाड आणि ४५० वॅटचे. ही वाढ मुख्यतः हीटसिंक आणि पंख्यांची आहे. वीज जितकी घ्यावी तितकी उष्णता बाहेर टाकावी लागते.

माझ्या कार्डाची लांबी ३०२, आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘३३० पर्यंत’ असे छापलेले. मी निश्चिंत होतो. परंतु ते माप पुढचे पंखे नसतानाचे! पंख्यांची जाडी २५, उरले ३०५. कागदावर कार्ड मावत होते, प्रत्यक्षात आत जाईना. कारण कार्ड सरळ खाली उतरत नाही; आधी मागची पट्टी तिरपी सरकवावी लागते, आणि त्या तिरपेपणास जागा हवी. तासभर खटपट केल्यावर उलगडा झाला: पंखे काढावे, कार्ड बसवावे, मग पंखे परत लावावे. आता दोहोंत तीन मिलिमीटरची फट आहे.

खरी अडचण पुढेच होती. कार्डाची रुंदी १३०, काचेपर्यंत जागा १५०. पण विजेची केबल कार्डाच्या कडेवरच खोचतात, आणि तिला वळावयास तीस-पस्तीस मिलिमीटर तरी लागतात. मी काच दाबून लावू पाहिली. धाकटी बहीण म्हणाली, “दादा, वायर वाकतेय बघ.” तिचे ऐकले हे बरे झाले. केबल जोडाच्या तोंडाशीच दाबली गेली तर आतील पिना नीट टेकत नाहीत आणि जोड तापतो. २०२२ च्या अखेरीस नव्या जातीचे असे जोड वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या होत्या. मी काटकोनात वळणारा जोड मागविला. तो येईपर्यंत चार दिवस काच पलंगाखाली होती.

जाडीचा विचार तर मी केलाच नव्हता. एका स्लॉटची जागा २०.३२ मिलिमीटर, तीन स्लॉटची सुमारे ६१. कार्ड ५५ जाड. म्हणजे पंख्यांना श्वास घ्यावयास सहा मिलिमीटर! ३२० वॅट म्हणजे साठ वॅटच्या जुन्या पाच दिव्यांहून अधिक धग, आणि तीही बुटांच्या खोक्याहून थोड्या मोठ्या जागेत. काच लावताच तापमान ८४ अंशांवर गेले. सॉफ्टवेअरमधून वीजमर्यादा २५० वॅटवर आणली, तेव्हा ते ७३ वर आले. एका चित्रास लागणारा वेळ वाढला तो अवघा सहा सेकंदांनी.

काही कॅबिनेटांत कार्ड मदरबोर्डाच्या पाठीमागे उभे बसवतात व मध्ये रायझर केबल जोडतात. त्यात जागा छान वाचते. मात्र जुनी रायझर आणि नवे कार्ड यांचे जमले नाही तर पडदा काळाच राहतो, आणि बायोसमध्ये स्लॉटचा वेग एक पायरी उतरवावा लागतो. माझ्या वर्गमित्राने यापायी कार्ड बिघडले असे समजून दोन रात्री काढल्या.

आमची चित्रफीत संमेलनाच्या आदल्या दिवशी पहाटे चार वाजता पूर्ण झाली. आई उठून आली, काचेला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “कोमट आहे.”