फुप्फुसातील चेता-अंतःस्रावी अर्बुदे आणि पेशीपरीक्षा

श्वासनलिकांच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशींच्या ठायी मज्जापेशी आणि संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथीपेशी या दोहोंचे गुण आढळतात. या पेशींशी साधर्म्य असलेल्या अर्बुदांना चेता-अंतःस्रावी, म्हणजेच न्यूरोएंडोक्राइन अर्बुदे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार फुप्फुसात त्यांचे चार प्रमुख प्रकार होत: टिपिकल कार्सिनॉइड, अटिपिकल कार्सिनॉइड, मोठ्या पेशींचा चेता-अंतःस्रावी कर्करोग आणि लहान पेशींचा कर्करोग.

हा भेद केवळ नावापुरता नाही. कार्सिनॉइड सावकाश वाढते. ते एका जागी मर्यादित असल्यास शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच मुख्य उपाय असतो. लहान पेशींचा कर्करोग मात्र झपाट्याने पसरतो. त्याचा तंबाखूच्या धूम्रपानाशी निकटचा संबंध असून त्यावर प्रामुख्याने औषधे व किरणोपचार योजावे लागतात. यास्तव निदान चुकल्यास उपचारांची दिशाच चुकते.

नमुना कसा घेतात?

श्वासनलिकेत दुर्बीण घालून ब्रशने वा धुवून पेशी मिळविता येतात. छातीतील लसीकाग्रंथीतून अथवा गाठीतून बारीक सुईने पेशी ओढून घेता येतात. त्या काचपट्टीवर पसरून पापानिकोलाउ किंवा गिम्सा पद्धतीने रंगवितात. उरलेल्या द्रव्याची मेणात वडी करून तिचे काप विशेष चाचण्यांसाठी राखून ठेवतात.

सूक्ष्मदर्शकाखाली कार्सिनॉइडच्या पेशी एकसारख्या दिसतात आणि त्यांच्या केंद्रकातील क्रोमॅटिन मीठमिरी भुरभुरल्यासारखे असते. लहान पेशींच्या कर्करोगात केंद्रके गडद व परस्परांवर दाबली गेलेली असतात, आणि मृत पेशीही विपुल आढळतात. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन यांसारख्या प्रथिनांच्या चाचणीने अर्बुदाचे कूळ निश्चित होते. केआय-६७ या चाचणीने पेशींच्या वाढीचा वेग कळतो. कार्सिनॉइडमध्ये हे प्रमाण अल्प असते, तर लहान पेशींच्या कर्करोगात ते बहुधा ५० टक्क्यांहून अधिक असते. नमुना घेताना पेशी चिरडल्या गेल्यास कार्सिनॉइडही लहान पेशींच्या कर्करोगासारखे भासते. अशा वेळी ही चाचणी विशेष उपयोगी पडते.

परीक्षेच्या मर्यादा

टिपिकल व अटिपिकल कार्सिनॉइड यांतील भेद २ चौरस मिलिमीटर क्षेत्रातील पेशीविभाजनांच्या संख्येवर आणि ऊतकनाशावर अवलंबून असतो. पहिल्यात विभाजने दोनांपेक्षा कमी असतात व ऊतकनाश नसतो. दुसऱ्यात विभाजने २ ते १० असतात किंवा ऊतकनाश आढळतो. सुईने मिळालेल्या मोजक्या पेशींवरून हा निर्णय खात्रीने देता येत नाही. तो शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीच्या तपासणीनंतरच होतो. तसेच कार्सिनॉइडवर बहुधा निरोगी अस्तराचे आवरण असल्याने थुंकीत त्याच्या पेशी क्वचितच उतरतात.

ही शेवटची बाब गावपातळीवर काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास थुंकी तपासली जाते, ती क्षयरोगाच्या जंतूंसाठी. कर्करोगाच्या पेशींसाठी नव्हे. जंतू आढळले नाहीत एवढ्यावरून फुप्फुस निरोगी ठरत नाही. खोकला हटत नसेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा एकाच बाजूचा न्यूमोनिया पुनःपुन्हा होत असेल, तर अशा रुग्णास छातीच्या पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविणे अगत्याचे आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढा आग्रह धरला, तरी योग्य नमुना योग्य वेळी प्रयोगशाळेत पोहोचण्यास मोठे साहाय्य होईल.