अवजारांची भाषा

घरातील माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत कधी कधी एखादी विचित्र वस्तू हाती लागते. तिला दांडा असतो, पण तो कसा धरावयाचा हे समजत नाही. पाते असते, पण ते काय कापीत असेल याचा तर्क चालत नाही. वडील माणसांना विचारावे, तर तीही नकारार्थी मान हालवितात. शेवटी त्या वस्तूची भंगारात रवानगी होते. परंतु ती वस्तू कोणी तरी, कशासाठी तरी, मोठ्या विचाराने घडविलेली असते. असा हरवलेला विचार शोधून काढण्यासाठी एका मनुष्याने आपले आयुष्य वेचले. त्याचीच ही हकीकत.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डॉइल्सटाउन नावाचे एक लहान गाव आहे. तेथे इ. स. १८५६ मध्ये हेन्री चॅपमन मर्सर यांचा जन्म झाला. मर्सर हे पुराणवस्तुसंशोधक होते. जमीन खणून प्राचीन मानवाची हत्यारे शोधावयाची आणि त्यांवरून त्याच्या जीवनाचा अंदाज बांधावयाचा, हे त्यांचे काम. १८९७ साली एका जुन्या पद्धतीच्या चुलाण्यासाठी त्यांना चिमटा हवा होता. म्हणून ते तेथील एका गृहस्थाकडे गेले. या गृहस्थाला खेड्यापाड्यांतील लिलावांना जाण्याचा नाद होता. लिलावात चांगल्या वस्तू विकल्या गेल्या, की निरुपयोगी ठरलेला पसारा उरे. तो ढिगाच्या ढीग कवडीमोलाने विकला जाई, आणि हा गृहस्थ अगदी शेवटच्या क्षणी तो विकत घेई.

चिमटा शोधण्यासाठी मर्सर त्या ढिगात शिरले. जुन्या गाड्या, मिठाच्या लाकडी पेट्या, मधमाश्यांसाठी विणलेली पेंढ्याची घरे, शेतावरील माणसांना जेवणाला हाक देणारे पत्र्याचे कर्णे, दोर वळण्याची यंत्रे, सूत कातण्याचे चरखे अशा कितीतरी वस्तू तेथे अस्ताव्यस्त पडल्या होत्या. जवसाची वाळलेली ताटे कुटून त्यांतील धागा मोकळा करणारी लाकडी अवजारेही त्यांत होती. आपल्याकडे जवस तेलासाठी पेरतात; त्या लोकांच्या अंगावरचे कापड जवसाच्या धाग्याचे असे. या वस्तूंविषयी मर्सरांनी ऐकले होते, पण अशा एकत्र त्या कधी पाहिल्या नव्हत्या. एकाएकी त्यांना वाटले, की पेनसिल्व्हेनियाचा इतिहासच येथे आपल्यापुढे पडला आहे! तो लढायांचा इतिहास नव्हता. ज्यांनी जंगले तोडून शेते केली, घरे बांधली, धान्य पिकविले आणि कापड विणले, त्या सामान्य माणसांच्या श्रमांचा तो इतिहास होता.

त्या काळी कारखान्यांतील मालाने बाजार भरून गेले होते. हाताची अवजारे मागे पडली होती आणि ती वापरलेले वृद्ध कारागीर एकामागून एक जग सोडून जात होते. दगडी हत्यार कसे वापरीत, हे हजारो वर्षांपूर्वीच्या मानवाला विचारता येत नाही. या अवजारांविषयी मात्र अजून विचारता येण्याजोगी माणसे होती. ती गेली, की अवजारे कायमची मुकी होणार होती. म्हणून मर्सर झपाट्याने कामाला लागले. ते जुनी अवजारे गोळा करू लागले आणि ती कशी वापरीत हे म्हाताऱ्या माणसांना विचारून टिपून ठेवू लागले.

अनोळखी अवजार ओळखावे कसे? समजा, तुमच्या हाती दीड वीत लांबीचे एक लोखंडी पाते आले आहे. त्याच्या एका टोकाला लाकडी दांडा पात्याशी काटकोन करून उभा बसविला आहे. प्रथम धार पाहा. ती बोथट आहे. तेव्हा हे अवजार कापण्याचे नव्हे. आता पाठ पाहा. ती ठोकून ठोकून झिजली आहे. म्हणजे हिच्यावर घाव घालीत असत. जवळच एक लाकडी सोटा सापडला आणि तोही एकाच जागी खोल झिजलेला दिसला, तर घाव कशाने घालीत हेही कळते. मग उभा दांडा कशासाठी? पाते लाकडात शिरले, की दांडा ओढून फट रुंदावण्यासाठी! या अवजाराचे नाव ‘फ्रो’. याने ओंडक्याच्या पातळ फळ्या काढून घराच्या छपरावर कौलांप्रमाणे बसवीत. करवतीने लाकडाचे तंतू कापले जातात. फ्रोने लाकूड तंतूंच्या दिशेनेच फाटते. म्हणून अशा फळीवरून पावसाचे पाणी चटकन निथळून जाते.

दुसरे उदाहरण रुंद पात्याच्या एका कुऱ्हाडीचे. तिच्या पात्याची एक बाजू अगदी सपाट असते आणि दांडा एका बाजूस वाकलेला असतो. दांडा जुना झाल्यामुळे वाकला, असे कोणासही वाटेल. पण तो मुद्दामच तसा केलेला असतो. सुतार तुळईच्या कडेला उभा राहून तिची बाजू तासतो, तेव्हा सरळ दांडा असता तर त्याची बोटे लाकडावर आपटून सोलली गेली असती. आपण ज्याला दोष समजतो, ती कारागिराची युक्ती असते!

तथापि, केवळ तर्कावर विसंबून चालत नाही. तर्काला पुरावा हवा. जे अवजार आपल्या देशात वापरातून गेले, ते दुसऱ्या देशात अजून चालू असेल, हे मर्सरांनी ओळखले. म्हणून १९२१ साली त्यांनी रुडॉल्फ हॉमेल यांना चीनमध्ये पाठविले. तेथील कारागीर हाताने कसे काम करतात, हे हॉमेल यांनी प्रत्यक्ष पाहून लिहून काढले.

जमविलेल्या वस्तू आगीत नष्ट होऊ नयेत म्हणून मर्सरांनी काँक्रीटची उंच इमारत बांधविली. १९१६ साली ती पुरी झाली. तीत गाड्या आणि नावासुद्धा छतापासून टांगलेल्या आहेत! १९२९ साली सुतारांच्या प्राचीन अवजारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९३० साली ते निवर्तले.

अशी दृष्टी असलेला मनुष्य आपल्याकडेही होऊन गेला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वापरातील वस्तू जन्मभर जमविल्या. बालपणीच वारलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेले संग्रहालय पुण्यात आहे.

मुलांनो, जात्याचा खुंटा आजीच्या हाताने गुळगुळीत झालेला असतो. तो पाहून आपण ते जाते ओळखू. पण दळण कसे घालावे, किती घालावे आणि जाते ओढताना हात कसा फिरवावा, हे आजीच सांगू शकेल. तिला आजच विचारा. वस्तू माळ्यावर वाट पाहील. माणसे तेवढी थांबत नाहीत.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) मर्सर त्या गृहस्थाकडे कशासाठी गेले होते? तेथे त्यांना काय आढळले?
(आ) फ्रो हे कापण्याचे अवजार नव्हे, हे कशावरून ओळखता येते?
(इ) रुंद कुऱ्हाडीचा दांडा वाकडा का ठेवीत?

२. कारण सांगा : जुनी अवजारे गोळा करण्याच्या कामी मर्सरांना उशीर करून चालण्यासारखे नव्हते.

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कवडीमोल, अस्ताव्यस्त, विसंबणे, आयुष्य वेचणे.

४. घरातील किंवा शेजारातील एखादी जुनी वस्तू नीट पाहा. तिचा कोणता भाग झिजला आहे? तिचा उपयोग काय असावा, याचा तर्क प्रथम वहीत लिहा. मग वडील माणसांना विचारा व आपला तर्क ताडून पाहा.